देशीवाले गुरुजी

साकोलीकडच्या आमच्या गावात नवं काहीही आलं की ते आधी गुरुजींच्या नजरेखालून जातं. कोणाची सून असो, बँकेतला नवा मॅनेजर असो की नर्सरीतून आणलेलं रोप, गुरुजींचा प्रश्न एकच: "मूळचं कुठलं?" उत्तर भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांत बसलं तर चेहरा खुलतो. नागपूर निघालं तर "असू द्या" म्हणतात. त्यापलीकडचं काही निघालं की चष्मा कपाळावर जातो आणि गुरुजी रोपाकडे असे बघतात, की रोपानं स्वतःहून कुंडीतून उतरावं आणि आली ती एसटी धरावी.

हाच प्रश्न कोणी उलटा त्यांना विचारला, तर ते छाती पुढे काढून सांगतात, "आम्ही मूळचे माळव्यातल्या धारचे. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलो. घरात अजून पोवारीच बोलतो."

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. मीही त्यांच्याच हातचा. ब्राझील नकाशात दाखवता आलं नाही म्हणून त्यांनी मला बाकावर उभं केलं होतं. तेव्हा त्यांचं ब्राझीलशी काही वैर नव्हतं. ते निवृत्तीनंतर सुरू झालं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. कोणी भजनी मंडळ धरतं, कोणी वॉकिंग ग्रुप, कोणी नुसतीच बीपीची गोळी. गुरुजी एका शिबिराला गेले, तिथे कोणीतरी पडद्यावर परदेशी तणांची चित्रं दाखवली, आणि ते परतले ते देशीवाले होऊनच. लाखनीहून गावरान बियाणं शोधत आलेल्या एका भल्या माणसानं स्टँडवर "देशीवाल्यांचं घर कोठे?" असं विचारलं. टपरीवरच्या पोट्ट्यांनी त्याला सरळ सरकारमान्य देशी दारूच्या दुकानापुढे नेऊन उभं केलं. दुकान उघडेपर्यंत बिचारा भोपळ्याच्या बियांसाठी थांबून राहिला.

गुरुजींची शिकवणी प्रमाण मराठीत चालते, संताप मात्र झाडीबोलीत. आवाज नेहमीच्या पट्टीत असला की "ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली," आणि आवाज चढला की "कोनं आनलं बे हे इथं?" त्यांचा पाठ ऐकण्यासारखा असतो, कारण त्यातली माहिती खरी असते. हे मान्यच करायला हवं. घाणेरी, जिला आम्ही रायमुनिया म्हणतो, ती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली आणि तिनं अर्ध्या देशाचं जंगल पोटात घातलं. गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. अमेरिकेच्या गव्हासोबत ते आलं असं म्हणतात. गुलमोहर मादागास्करचा. सुबाभूळ मेक्सिकोकडची. तिची रोपं सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत सरकारनंच वाटली आणि गुरुजींनीच ती शाळेच्या कुंपणाला पोरांकडून लावून घेतली होती. त्या आठवणीवर ते बोलत नाहीत. "तेव्हाचं धोरण तसं होतं," एवढं म्हणतात.

अडचण सुरू होते ती गुरुजी तोंड उघडून खर्रा आत सारतात तेव्हा. तंबाखू अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेली. सुपारीचं माहेर पार मलाया-फिलिपिन्सकडे. टपरीवाल्यानं एकदा पन्नी घासता घासता हिशेब मांडला, "गुरुजी, खर्ऱ्यात चुना तेवढा देशी दिसते." गुरुजी काही न बोलता घरी आले आणि त्या रात्री त्यांनी एक सीमारेषा आखली: इंग्रजांच्या आधी जे आलं ते देशी, नंतरचं ते विदेशी. या एका नियमानं तंबाखू वाचली आणि तिच्यासोबत मिरचीही. मिरची वाचणं गरजेचं होतं. पवनीच्या मिरचीच्या सातऱ्यांवर शेकडो बाया देठ खुडून पोट भरतात, त्यांना घुसखोराचं काम करता म्हणून सांगायला गुरुजींसारख्या माणसाचीही हिंमत झाली नसती. शिवाय तिखटाशिवाय त्यांना घास उतरत नाही.

नियम आठवडाभर टिकला. मग एकादशी आली. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली. काकू बालाघाटच्या. बोलायला कमी, पण त्यांनी गुरुजींचे सगळे पाठ चौदा भुवनांत फिरून आलेल्या माणसाच्या शांतपणे ऐकलेले. त्या म्हणाल्या, "साबुदाणा कसाव्याचा, कसावा अमेरिकेचा. बटाटा अमेरिकेचा. शेंगदाणा अमेरिकेचा. तुमीच सांगितलं मांगच्या इतवारी. साबुदाण्याचे कारखाने तर सेलमले गांधीजींच्या डोळ्यांदेखत निघाले. मंग खाता का ठेवू?" गुरुजींनी ताटाकडे पाहिलं. पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं, आणि चहाचं तर त्यांनी मनातही आणलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पोटनियम केला: जे उपासाला चालतं ते देशी. धर्मानं स्वीकारलं की नागरिकत्व मिळालं. दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू, मूळचा मेक्सिकोचा, याच पोटनियमातून आत आला.

मेक्सिकोवर गुरुजींची मेहेरनजर तिथेच थांबली नाही. गाजरगवत खाणारा एक भुंगेरा असतो, तोही मेक्सिकोचाच. १९८४ साली बंगळुरूला तो मुद्दाम सोडण्यात आला आणि तिथून देशभर पसरवला गेला. एका शेती शिबिरात तो डबीत घालून वाटायला आणला होता. आधी गुरुजींनी डबी हातात घ्यायला नकार दिला. मग तो फक्त गाजरगवतावरच जगतो, हे कळल्यावर त्यांनी डबी खिशात टाकली, वाटेत दोनदा झाकण किलकिलं करून "हवा येते ना?" असं विचारलं आणि आपल्या बांधावर तो स्वतःच्या हातानं सोडला. त्या पावसाळ्यात फवारणीचा पंप घेऊन कोणी त्या बांधाकडे वळलं की गुरुजी आडवे यायचे.

आणि पाखरं! दर हिवाळ्यात मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब आमच्या तलावांवर उतरतात. पेपरात मथळा येतो, 'विदेशी पाहुण्यांचे आगमन'. गुरुजी पहाटे दुर्बीण घेऊन पाळीवर हजर. झाड विदेशी असलं की घुसखोर, पाखरू विदेशी असलं की पाहुणा, हा भेद त्यांनी कधी समजावून सांगितला नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. आमच्यात पाहुणा हा शब्द असा आहे की त्यानं हरभऱ्याचा शेंडा खुडला तरी त्याला हाकलायला जीव धजत नाही. हरभरा ज्याचा असतो तो शेतकरी मात्र पाहुण्यांवर फटाके फोडतो आणि गुरुजींच्या शिव्या खातो.

त्यांची खरी परीक्षा हत्तींनी पाहिली. २०२१ च्या ऑक्टोबरात ओडिशा-छत्तीसगडकडचा कळप गडचिरोलीत शिरला आणि पुढच्या हिवाळ्यात गोंदिया ओलांडून आमच्या साकोली तालुक्यात आला. धान कापून शेतात पुंजणे लागलेले, त्यावर त्यांनी हात, म्हणजे सोंड मारली. पहिल्या दिवशी गुरुजींनी निकाल दिला, "परप्रांतीय आहेत." दुसऱ्या दिवशी बाया नारळ-कुंकू घेऊन पायांच्या ठशांची पूजा करायला निघाल्या. गुरुजींनी कपाटातून जुनी पुस्तकं काढली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की मोगलांच्या काळी मध्य भारताच्या जंगलांत हत्ती धरत होते, तेव्हा हे आलेले नसून परतलेले आहेत. यावर त्यांनी शाळेत व्याख्यानही दिलं, विषय 'घरवापसी गजराजाची'. चौथ्या रात्री कळप गुरुजींच्या पुंजण्यावर आला. सकाळी ते बांधावर उभे राहून ओरडत होते, "ओडिशावाल्याईले आपले हत्ती सांभायता येत नाई का?"

मला वाटतं, गुरुजींची गंमत इथेच आहे. त्यांना जन्मगाव समजतं, वागणूक समजत नाही. आणि यात ते एकटे नाहीत, आपण सगळेच थोडेफार असे. गोष्ट गैरसोयीची झाली की तिचं मूळ शोधायचं, सोयीची असली की मूळ पुराणात सापडतंच. भंडाऱ्याला कारध्याच्या पुलावरून वैनगंगेत पाहिलं तर पात्र कितीदा हिरवंगार दिसतं. ती जलकुंभी. दक्षिण अमेरिकेची, हे खरं. गुरुजींनी संपादकांना पत्र लिहिलं, 'वैनगंगेवर ॲमेझॉनचे आक्रमण'. छापूनही आलं. पण ॲमेझॉनची ती बाई इथे माजली ती कोणाच्या घरचं खाऊन? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. खाली गोसीखुर्दचं धरण. पाणी वाहायचं थांबून वर फुगत जातं आणि त्या तुंबलेल्या, खतावलेल्या पाण्यात जलकुंभीला पंगत मांडल्यासारखं होतं. मी हे गुरुजींना बोलून दाखवलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सांडपाणी आपलंच आहे रे. त्याला काय बोलायचं?"

आता तलावाची गोष्ट. भंडारा-गोंदियाचे तलाव म्हणजे आमची खरी इस्टेट. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी बांधलेले. मग मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव झाले. मामा म्हटल्यावर भाच्यांनी जे करायचं तेच आपण केलं: वापरले, गाळ उपसला नाही, काठावर अतिक्रमण केलं. उथळ झालेल्या काठावर बेशरम चढली. तीही दक्षिण अमेरिकेची, कुंपणासाठी आणलेली. जनावर तोंड लावत नाही, तोडून फेकली तर फेकल्या जागी कांडीला मुळं फुटतात. आमच्या गावच्या तलावाचा निम्मा काठ तिनं धरला होता.

ती काढायचं ठरवलं ढिवर मोहल्ल्यातल्या बायांनी. मासेमारी सोसायटीचं पोट त्या पाण्यावर. असं काम आमच्या भागात आधी झालेलं होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सोबती जुन्या ढिवरांकडूनच शिकत आले, की नुसती बेशरम उपटून भागत नाही. तळ नांगरावा लागतो, मग कोणत्या पाणवनस्पती कुठे लावायच्या हे ठरवून त्या लावाव्या लागतात, तेव्हा मासा अंडी टाकायला येतो आणि मागोमाग पाखरं येतात. गुरुजींना हे कळताच ते उद्घाटनाला हजर झाले. कोणी बोलावलं नव्हतं. बाया गुडघाभर चिखलात, गुरुजी पाळीवर विलायती चिंचेच्या सावलीत. त्यांनी अर्धा तास परकीय आक्रमणावर भाषण केलं. शकांपासून सुरुवात केली होती, हूणांपर्यंत आले तेव्हा सोसायटीच्या म्होरक्या मावशी कंबर सरळ करून म्हणाल्या, "गुरुजी, तुमी कोठचं ते पुसता. आमी ते पान्यात काय करते ते पायतो. बेशरमीच्या बुडाशी गाळ बसते, मासा तिथं अंडे टाकत नाई, जाळं अडकते. म्हून काढतो. उद्या ती आपल्या गावची निंगाली तरी काढू."

गुरुजींनी विषय माशांकडे वळवला आणि तिथे ते जास्तच फसले. मावशींनी विचारलं, "आमी सोसायटीत रोहू-कतल्याचं बीज सोडतो. ते कोठचं?" आता रोहू, कतला, मृगळ हे गंगेकडचे मासे. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी ओडिशातल्या अंगुलला इंजेक्शन देऊन कार्प माशांची अंडी घालून घेतली. त्यानंतर कुठेही बीज तयार होऊ लागलं आणि तलाव तलाव रोहू-कतल्यानं भरले. सोसायटीला पैसा त्यांचा मिळतो. मरळ, शिंगी, देशी मांगूर मागे पडले आणि ढिवरांच्या स्वतःच्या गंजातल्या कालवणाची चव बदलली, हेही मावशीच सांगतात. गुरुजी म्हणाले, "गंगेचे आहेत ना? मग घुसखोर कसे? गंगा आली म्हणायचं."

"आन् थाई मांगूर?"

"तो नाही चालायचा!" गुरुजी उसळले. या एका बाबतीत मात्र ते सोळा आणे बरोबर होते. नाव थाई, कूळ आफ्रिकेचं, समोर येईल ते गिळणारा. केंद्र सरकारनं २००० सालीच त्याच्यावर बंदी घातली आहे. मावशी म्हणाल्या, "तो आमालेबी नाई चालत. पन तुमाले त्याचं गाव आवडत नाई, आमाले त्याचं तोंड."

तलाव साफ झाला. देवधान, कमळ लागलं. गुरुजींनी पाळीवर पाटी लावली: 'विदेशीमुक्त तलाव'. ती कडुलिंबाच्या फळीवर रंगवली होती. खिळे ठोकताना फळीला चीर गेली तेव्हा सुताराने निलगिरीची पट्टी मागून जोडली, ते गुरुजींना कोणी सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात गावाच्या रस्त्याचे खड्डे एवढे झाले की त्यांत बदकं पोहायची. निवेदनं देऊन झाली, दात काढून हसणाऱ्या बाबूंचे चेहरे पाहून झाले. शेवटी विदर्भात जे करतात ते करायचं ठरलं: खड्ड्यात बेशरम लावायची. आंदोलनाचं नेतृत्व अर्थात गुरुजींकडे. शासनाला लाज वाटावी म्हणून दुसरं शोभेल असं झाड नाही, यावर त्यांचं आणि गावाचं एकमत झालं. पण गावात बेशरम उरलीच नव्हती. बायांनी ती मुळासकट उपटली होती. मग ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या गावी जाऊन ट्रॉलीभर बेशरम उसनी आणावी लागली. शेजारच्यांनी आनंदानं दिली आणि परतीची काही घाई नाही म्हणाले. गुरुजींनी पहिली कांडी खड्ड्यात रोवली, पाणी घातलं, फोटो काढला. पेपरात आला. त्यात गुरुजी जागतिक पर्यावरण दिन असल्यासारखे हसताहेत.

आंदोलन यशस्वी झालं, हीच पंचाईत. रस्ता करायला खरंच माणसं आली. जेसीबीनं खड्ड्यातली माती बेशरमीसकट उचलली आणि जवळचीच जागा बघून नाल्यात ढकलली. नाला तलावाला जातो. श्रावणात पाऊस लागला, कांड्या वाहत गेल्या आणि दिवाळीच्या आधी तलावाच्या काठावर गुलाबी फुलं दिसू लागली. मंडईच्या जत्रेतल्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, पोरांनी गुरुजींवर एक सोंग बसवलं. त्यात मिश्या लावलेला गडी हातात कांडी धरून म्हणायचा, "मूळची कुठली बाई तू?" आणि लुगडं नेसलेला पोट्टा लाजत म्हणायचा, "तुमीच त आनलं जी!" गुरुजी पहिल्या रांगेत होते. कधी नव्हे ते नाटक संपण्याआधी उठले.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन बायांसह घरी आल्या. भांडायला नाही, हिशेबाला. सोसायटीच्या बायांना पुन्हा काठ साफ करावा लागणार होता, एका दिवसाची मजुरी कोण देणार? गुरुजींनी वातावरण बदल, कंत्राटदार, जेसीबी अशी कारणांची यादी वाचली. मावशी म्हणाल्या, "कांडी कोनं रोवली ते फोटोत हाये." काकूंनी आतून पाकीट आणून गुरुजींच्या हातात दिलं.

पैसे मोजून झाल्यावर गुरुजींनी पावती मागितली. रक्कम दंड म्हणून नव्हे, तर 'विदेशी वनस्पती निर्मूलन निधी' या खाती जमा करावी, असा आग्रह धरला. सोसायटीचं पावतीबुक मावशींच्या नातीनं भरलं. ती आठवीत आहे, अक्षर सुंदर. एवढा मोठा खात्याचा मथळा त्या छोट्याशा रेघेवर मावेना. तिनं थोडा विचार करून सुटसुटीत लिहिलं: "गुरुजी यांजकडून, बेशरमबद्दल, रुपये पाचशे फक्त."

ही पावती गुरुजींनी अजून कोणालाही दाखवलेली नाही. मला काकूंनी दाखवली, लाडू देता देता. म्हणाल्या, "लॅमिनेशन करून आनशील का बाबू? तिकडं गावात ठेवू नको, साकोलीवरून कर."